निळा सायनोटाइप काळा-तपकिरी कसा करावा?

सायनोटाइप म्हणजे लोहाचं रसायन लावलेल्या कागदावर उन्हात छापलेलं निळं चित्र. त्याचा निळा देखणा असतो, पण सगळ्याच चित्रांना शोभत नाही. पानाफुलांना तो खुलतो. माणसाचा चेहरा मात्र निळ्यात आजारी दिसतो, आणि नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्याचा लाकडी दरवाजा निळा पाहून मन भरत नाही. अशा प्रिंटचा रंग घरच्या घरी बदलता येतो.

हा निळा म्हणजे लोहाचं संयुग, प्रशियन ब्लू. १८४२ साली जॉन हर्शेल यांनी ही पद्धत शोधली तेव्हापासून रसायन तेच आहे. हा रंग आम्लात टिकतो, पण सोड्यासारख्या अल्कलीत मोडतो आणि कागदात पिवळसर लोह उरतं. त्या लोहाला टॅनिन, म्हणजे चहा-हिरड्यातलं तुरट द्रव्य, भेटलं की काळपट रंग तयार होतो. कलमकारीतला काळाही हिरडा आणि लोखंडाच्या अशाच मेळातून येतो.

आधी प्रिंट निवडा. टोनिंगमध्ये, म्हणजे असा रंग बदलताना, फिके भाग हमखास उडतात, म्हणून उन्हात जरा जास्त वेळ ठेवलेला, गडद प्रिंट घ्या. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), सुती असला तर उत्तम. पातळ कार्ट्रिज, म्हणजे साधा चित्रकलेचा कागद, तासभर पाण्यात राहिला की फाटतो. धुतलेला प्रिंट किमान एक दिवस वाळू द्या, कारण निळा वाळतानाच पूर्ण चढतो. नागपूरच्या उन्हाळ्यात तेवढं पुरतं, पावसाळ्यात आणखी थांबा.

आता टॅनिनचं पाणी करा. चहा वापरायचा तर लिटरभर पाण्यात चार मोठे चमचे चहापत्ती उकळा, गाळा आणि गार करा. दूध-साखर अर्थातच नाही. चहाने तपकिरी छटा येते, पण कागदाचा पांढराही पिवळट होतो. माझं मत विचाराल तर हिरडा घ्या. नागपूरच्या इतवारी बाजारात जडीबुटीच्या दुकानात सहज मिळतो. मूठभर हिरडे फोडून रात्रभर भिजवा, सकाळी उकळून कापडातून गाळा. रंग काळ्याकडे झुकतो. आपल्याकडे संत्र्याच्या सालींचा ढीग असतो, पण त्यांत टॅनिन फारसं नसतं. त्या वाया घालवू नका. भांडं स्टीलचं चालेल, लोखंडी नको: टॅनिन त्याच्याशीच रंग धरत बसतं.

खरी कसोटी ब्लीचची, म्हणजे सोड्याने निळा उतरवण्याची. लिटरभर पाण्यात चहाचा अर्धा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. खाण्याचा सोडा इथे फार सौम्य पडतो. प्रिंट आधी साध्या पाण्यात भिजवा, मग सपाट धरून एकदम सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि ट्रे हलवत राहा. पहिल्या काही सेकंदांत काहीच होत नाहीसं वाटतं. मग कडेचे फिके भाग जांभळट होतात, पिवळे पडतात, आणि तिथून रंग बघता बघता उतरतो. गडद भागांत निळा शिल्लक असतानाच प्रिंट बाहेर काढा आणि लगेच भरपूर पाण्यात धुवा. असा अर्धवट थांबवलेला प्रिंटच मला सगळ्यात आवडतो: उजेड तपकिरी, सावल्या निळ्या-काळ्या. पूर्ण पिवळा होऊ दिलात तर एकरंगी तपकिरी मिळेल, पण चित्रातला जोर बराच जातो.

सोडा नीट निघेपर्यंत, पाचेक मिनिटं धुवा. सोडा टॅनिनच्या ट्रेत गेला तर रंग मळकट येतो. मग प्रिंट टॅनिनमध्ये ठेवा. रंग दहा-पंधरा मिनिटांत दिसू लागतो, कधी तास-दोन तासही लागतात. पाणी कोमट असलं तर काम लवकर होतं, पण डागही लवकर पडतात. अधूनमधून प्रिंट उलटा करा, नाहीतर बुडबुड्यांचे गोल ठसे उमटतात.

ब्लीच न करता निळा प्रिंट थेट टॅनिनमध्ये टाकला तर निळा-काळा रंग येतो. घाबरत असाल तर तिथूनच सुरुवात करा.

शेवटी वीसेक मिनिटं धुवा. बोअरचं पाणी जड असतं, त्याने उरलेला निळा फिका पडू शकतो. अशा पाण्यात लिंबाचे थोडे थेंब पिळा. प्रिंट सावलीत वाळवा. हिरड्याचं उरलेलं पाणी दोन दिवसांत बुरसतं, तेव्हा साठवू नका, दर वेळी ताजंच करा.