दुसरीचा वर्ग मिळालाय आणि दिवाळीनंतर नुसते कार्यक्रमच कार्यक्रम? नवीन गुरुजी-बाईंसाठी थोडं

पवित्र पोर्टलवरून (सरकारचं शिक्षक भरतीचं पोर्टल) जिल्हा परिषदेत नवीन लागलेल्या शिक्षण सेवकांचा, म्हणजे सुरुवातीला मानधनावर असलेल्या शिक्षकांचा, हल्ली एकच प्रश्न, मॅडम आम्ही शिकवायचं कधी? आणि प्रश्न खरा आहे. दिवाळीची सुट्टी संपली की 14 नोव्हेंबरचा बालदिन, 26 ला संविधान दिन, मग केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) क्रीडा स्पर्धा, 3 जानेवारीला सावित्रीबाई, 12 ला जिजाऊ, संक्रांतीच्या आसपास आनंद मेळावा (पोरंच दुकानं लावतात तो शाळेतला बाजार), 26 जानेवारी, गॅदरिंग, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि मधेमधे ही लिंक भरा तो फोटो टाका चालूच. मी दुशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी एकत्र घेते, त्यामुळे मला जे जमलं तेवढंच सांगते, सगळीकडे जसंच्या तसं चालेल असं नाही.

कार्यक्रमांची यादी आणि शिकवण्याची यादी वेगवेगळी ठेवूच नका. वेगळी ठेवली की कार्यक्रमच जिंकणार, कारण बालदिनाचा फोटो ग्रुपवर मागतात, वजाबाकीचा कोण मागतंय!

दुसरीत गाठायचं काय ते आधी डोक्यात पक्कं हवं. निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानाप्रमाणे दुसरीच्या शेवटी मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचायचे आणि 999 पर्यंतच्या संख्या यायला हव्यात. प्रत्यक्षात वर्गात एक पोरगी गोष्टीचं पुस्तक सलग वाचते आणि तिच्या शेजारचा अजून वेलांटीवर अडलेला असतो, त्यामुळे एकच काम सगळ्यांना दिलं की अर्धा वर्ग रिकामा बसतो आणि मग भांडणं.

संख्यांचं जरा सविस्तर सांगते कारण नवीन लोक इथे वैतागतात. पस्तीस म्हटलं की पोरं 53 लिहितात. का? तर आपल्याकडे बोलताना पाच आधी येतो आणि तीस नंतर, पोरगं ऐकल्याबरोबर 5 लिहून मोकळं होतं, त्याचं तसं काही चुकत नाही. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीस, बावीसचं वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधानसभेतसुद्धा चेष्टा झाली, पण ज्यांनी दुसरीला गणित शिकवलंय त्यांना ते का दिलं हे लगेच कळलं असणार. मी काड्या वापरते. दहाचा गठ्ठा रबर लावून, बाकी सुट्या. पस्तीस म्हटलं की लिहायचं नाही, आधी 3 गठ्ठे डावीकडे, मग 5 सुट्या उजवीकडे आणि मग पाटीवर. महिनाभर रोज दहा मिनिटं केलं तरी बराच फरक पडतो.

आता हेच आनंद मेळाव्यात घुसवा. माझ्या मते वर्षातला सगळ्यात कामाचा कार्यक्रम हाच आहे. आधीचे पंधरा दिवस वर्गात खोट्या नोटांचं दुकान लावा, 100, 10 आणि 1 च्याच नोटा ठेवा म्हणजे शतक-दशक-एकक आपोआप होतं. मेळाव्याच्या दिवशी पोरं भेळ, बोरं, हरभऱ्याच्या जुड्या घेऊन बसतात, तेव्हा जवळ उभं राहून नुसतं बघा. 15 ची भेळ आणि समोर 50 ची नोट, तर पोरगी वजाबाकी करतच नाही, ती पाच हातावर ठेवते म्हणते वीस, मग दहा-दहा ठेवत तीस, चाळीस, पन्नास. वहीत हातच्याला अडणारी हीच पोरगी इथे 35 बरोबर परत देते! दुसऱ्या दिवशी तिचीच पद्धत फळ्यावर घ्या. आणि भावाच्या पाट्या पोरांनाच लिहू द्या, शेंगदाण्यावरचा अनुस्वार गेला तर गेला, पण वडिलांनी फ्लेक्स छापून आणायला लागू नका.

ही सगळी निरीक्षणं आकारिकच्या, म्हणजे शिकवता शिकवता होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदवहीत तारखेसकट लिहा. पहिली-दुसरीला आकारिक 70 आणि संकलित (सत्राच्या शेवटच्या परीक्षेचे) 30 गुण असतात, त्यामुळे ‘वर्गात लक्ष देतो’ असलं छापील वाक्य सगळ्यांपुढे लिहिण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

3 जानेवारीला पाठ केलेली भाषणं नकोत, ‘माझे दोन शब्द संपवते’ एवढंच पोरांच्या लक्षात राहतं. परिपाठात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, त्यावर एक-दोनच वाक्यं, आणि ती वाचायला लावा. जो अडखळतो त्याला ‘सावित्रीबाई शिक्षिका होत्या’ एवढं पुरे. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली ही चिठ्ठी मात्र तिसरी-चौथीकडे द्या, दुसरीला 999 च्या पुढचं वाचता येईलच असं नाही.

गॅदरिंगबद्दल एवढंच, की डान्सची प्रॅक्टिस खिचडीच्या सुट्टीनंतरच आणि सकाळचे वाचन-गणिताचे तास कुणासाठीही सोडायचे नाहीत, हे मुख्याध्यापकांशी डिसेंबरातच बोलून ठेवा, जानेवारीत गाणी वाजायला लागली की कोणी ऐकत नाही.

मराठी भाषा गौरव दिनाची तयारी आत्तापासूनच करा. दर शनिवारी प्रत्येक मुलाचं स्वतःचं एक वाक्य कागदावर घ्या, आमची शेळी व्याली, काल लाईट नव्हती, काहीही चालेल, फेब्रुवारीत ते शिवून वर्गाचं पुस्तक होतं आणि पालक तेच सगळ्यात जास्त वेळ वाचत बसतात. कागद फक्त कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवा, खालच्यात उंदीर येतात.