रात्री साडेदहाचा कॉल

टीम पुणे आणि सॅन फ्रान्सिस्कोत विभागलेली असेल, तर तिकडे सकाळी ९ चा कॉल उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री ९:३० ला पडतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि तोच कॉल १०:३० वर सरकतो. पोरं झोपलेली, आपण हेडफोन लावून स्वयंपाकघरात कुजबुजतोय. ऑक्टोबरातच मॅनेजरला सांगा, की पाळी लावू: एक महिना आम्ही जागतो, पुढचा महिना तुम्ही रात्री ८ ला बसा. तेव्हा इथे सकाळचे ९:३० असतात. फक्त त्यांचा शुक्रवार टाळा, आपला शनिवार जातो! आणि रात्री सुचलेला मेसेज इथल्या सहकाऱ्याला लगेच न पाठवता ‘शेड्यूल सेंड’वर (म्हणजे सकाळी आपोआप जाईल असा) टाका, त्याचा फोन उशाशी असतो.