घसा न फाडता पोवाडा कसा म्हणायचा

फेब्रुवारी आला की मुंबईतल्या अर्ध्या सोसायट्यांमध्ये कुणीतरी एक जण ठरवतोच, यंदा १९ तारखेला पोवाडा आपणच म्हणायचा, बाहेरची शाहिरांची पार्टी नको. मग यूट्यूबवरून एक पाठ केला जातो, फेटा भाड्याने येतो, आणि स्टेजवर पहिल्या दोन मिनिटांत घसा बसतो, कारण पोवाडा म्हणजे ओरडणं असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं नाहीये ते. पोवाडा म्हणजे गोष्ट. शेवटच्या रांगेत खुर्चीवर पाय घेऊन बसलेल्या आजींना प्रत्येक शब्द कळला पाहिजे, बाकी जोश वगैरे त्याच्या मागून आपोआप येतो.

आधी काय म्हणायचं ते ठरवा. कॉपीराइटची भानगड नको असेल तर जुने पोवाडे घ्या. अग्निदासाचा अफझलखान वधाचा पोवाडा उपलब्ध असलेल्यांत सगळ्यात जुना मानतात, तुळशीदासाचा तानाजीवरचा आहे, हे दोन्ही अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापलेल्या संग्रहात मिळतात. हा अॅक्वर्थ म्हणजे मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर, वडाळ्याच्या कुष्ठरोग हॉस्पिटलला ज्याचं नाव आहे तोच. साहेबाला पोवाड्यांचं वेड होतं, काय करणार. पण जुना पोवाडा जसाच्या तसा घेऊ नका, भाषा तीनशे वर्षांपूर्वीची आहे आणि लांबी अशी की संपेपर्यंत वडापाव पण संपेल. दहा-बारा मिनिटांचा मजकूर ठेवा. गोष्टीतला एकच प्रसंग घ्या, म्हणजे तानाजी घेतला तर कड्यापासून सुरू करा, लग्नाचं आमंत्रण वगैरे गद्यात दोन वाक्यांत सांगून टाका. जिथे माहिती आहे तिथे बोलायचं आणि जिथे प्रसंग अंगावर येतो तिथे गायचं, एवढं जमलं तरी अर्धं काम झालं.

आणि शिवजयंतीलाच कशाला, १ मे आहे की. मुंबईत शाहिरी गिरणगावातच तर वाढली, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर या तिघांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात डफ घेऊन सभा गाजवल्या. वाटेगावहून चालत मुंबईला आलेला अण्णाभाऊंसारखा माणूस घाटकोपरच्या चिराग नगरात राहून लिहितो, तर आपल्याला आपल्या चाळीवर चार कडवी जमू नयेत? १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, तुमच्या बिल्डिंगमध्ये अजून कुणीतरी असेल ज्यांनी तो बघितलाय, त्यांच्याकडे जाऊन बसा, पोवाडा तिथेच मिळेल.

आता म्हणायचं कसं. समजा ओळ अशी आहे:

पहाटेला वाजला भोंगा, जागी झाली चाळ सारी
डबा उचलून निघाला गडी, उभा गिरणीच्या दारी

नवखा माणूस ही अख्खी जोडी एका दमात मारतो आणि ‘दारी’ला हवा संपते. पेन घ्या, ‘भोंगा’च्या पुढे एक रेघ मारा, ‘सारी’च्या पुढे दोन, ‘गडी’च्या पुढे एक. एका रेघेला छोटा श्वास, दोन रेघांना झीलकऱ्यांची, म्हणजे मागे उभं राहून साथ देणाऱ्यांची, ‘जी जी रं जी’, तेवढ्यात तुम्ही पोट भरून श्वास घ्यायचा. म्हणजे झील ही नुसती शोभेला नसते, शाहिराला दम खायला मिळावा म्हणून पण असते. ‘वाजला’मधला ‘ज’ दाबून म्हणा, ‘डबा’चा ‘ड’ फोडा. मराठीत ताकद व्यंजनात आहे, ‘आ’ लांबवत बसलात की शब्द वितळतो आणि लोक मोबाईल काढतात. आवाज फक्त शेवटच्या चरणाला चढवायचा. प्रत्येक ओळ वरच्या सुरात घेतली तर तानाजी पडतो तेव्हा वर जायला जागाच उरत नाही!

पट्टी खाली ठेवा. मोठे शाहीर चढ्या पट्टीत गातात ते आयुष्यभराच्या रियाजावर, आपण ऑफिसात दिवसभर कॉलवर बोलणारी माणसं. पेटीवर बघा, ज्या सुरात तुम्ही मोठ्याने पण आरामात बोलू शकता तिथून सुरुवात करा.

ऐकायचं असेल तर शाहीर साबळे ऐका, शब्द किती स्वच्छ येतो ते बघायला. विठ्ठल उमप ऐका, एका कडव्यात आवाज किती वेळा रंग बदलतो ते कळेल. अमर शेखांचं जे काही रेकॉर्डिंग मिळेल ते ऐका पण नक्कल करू नका, तो आवाज देवाने एकदाच दिला होता. मनापासून शिकायचं असेल तर कलिन्याला मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी आहे, तिथे चौकशी करा.

झीलकरी दोन तरी हवेत आणि ते गाणारेच हवेत असं नाही, तालात राहणारे हवेत. आपल्याकडे कमिटीचे अध्यक्ष आहेत म्हणून त्यांना झांज देतात, असं करू नका प्लीज. झांज अर्धी मात्रा पुढे गेली की अख्खी पार्टी धावायला लागते. एक जण झांज, एक जण तुणतुणं, ढोलकीला मात्र हात बसलेला माणूस पाहिजे, तिथे पैसे खर्च करा. तुणतुण्याला एकच तार असते, खुंटी पिळून ती तुमच्या सा ला लावायची आणि दर कडव्यानंतर कान देऊन बघायची, उतरते ती.

डफ चामड्याचा असेल तर मुंबईच्या दमट हवेत ढिला पडतो, थाप मारली की ‘ठण्ण’ऐवजी ‘भद्द’ येतं. गावाकडे शेकोटीवर धरतात, इथे हॉलमध्ये जाळ पेटवलात तर सेक्रेटरी तुम्हालाच पेटवेल, म्हणून स्टेजच्या मागे हॅलोजन असतो त्याच्यापुढे दोन हात लांब धरून फिरवत राहायचं, एकाच जागी धरलात तर चामडं तडकतं. हे एन्ट्रीच्या अगदी आधी करायचं, तासभर आधी शेकून काही उपयोग नाही. नाहीतर सरळ प्लास्टिकच्या पानाचा बोल्टवाला डफ घ्या, आवाज थोडा कोरडा लागतो पण दगा देत नाही.

साउंडवाल्याला भेटल्या भेटल्या सांगायचं, भाऊ इको बंद. त्यांना इको फार आवडतो, दुसऱ्या दिवशी हळदीचा कार्यक्रम असतो ना, सेटिंग तेच. इकोमध्ये पोवाड्याचा एकही शब्द कळत नाही. तुमचा माईक वेगळा, झीलकऱ्यांना मिळून एक, तुणतुणं त्याच्याच जवळ, ढोलकीला एक. मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर, तुमच्याकडे तोंड करून हवाच, स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडतो आणि मग घसा जातो.

फेटा आदल्या दिवशी तासभर बांधून फिरा, कानावर घट्ट बसला तर सूर ऐकू येत नाही. त्या दिवशी दुपारी तळलेलं आणि फ्रीजचं पाणी बंद. आणि कार्यक्रमपत्रिकेत तुमचा नंबर बक्षीस समारंभाच्या आधी लावून घ्या, कारण आपल्याकडे भाषणं लांबतात, बहुतेक वेळा दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, आणि पावणेदहाला माईक हातात आला तर खान शामियान्यापर्यंत पण पोचायचा नाही.