ब्रिटिश सिटकॉमवर दहा प्रश्नांचा क्विझ राउंड कसा काढावा

एका राउंडला दहा प्रश्न पुरतात. वाचन, तीस सेकंदांचा विचार आणि शेवटी उत्तरं धरून वीस मिनिटं सहज जातात. दोन प्रश्न जास्तीचे काढून ठेवा, कारण ऐनवेळी एखादा रद्द करावा लागतोच. पहिले दोन सोपे, मधले सहा विचार करायला लावणारे आणि शेवटचे दोन अवघड, असा चढ ठेवला की कच्च्या टीमही शेवटपर्यंत टिकतात.

आधी मालिका ठरवा. आपल्याकडच्या मंडळींना मिस्टर बीन, माइंड युअर लँग्वेज आणि यस मिनिस्टर बहुधा माहीत असतात; फॉल्टी टॉवर्स, ब्लॅकअ‍ॅडर आणि ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस हा पुढचा टप्पा. एका मालिकेवर दोनपेक्षा जास्त प्रश्न नकोत, नाहीतर ती न पाहिलेली टीम तिथेच संपते. मॉन्टी पायथन किंवा गुडनेस ग्रेशस मी घेऊ नका. ते स्केच शो आहेत, म्हणजे सुट्या छोट्या प्रसंगांचे, सिटकॉम नव्हेत, आणि जाणकार टीम तेवढ्यावरून वाद घालतात.

खरी मेहनत प्रश्नाच्या बांधणीत आहे. नुसतं आठवून सांगता येतं ते उत्तर दुबळं. प्रश्नातल्या धाग्यांवरून जिथे पोचता येतं ते उत्तर भक्कम. उदाहरण घेऊ. ‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेसमधल्या भावांची नावं काय?’ हा प्रश्न मालिका पाहिलेल्यांना फुकटचे मार्क देतो आणि बाकीच्यांना हात चोळत बसवतो. तोच असा विचारा: ‘समुद्रावर रेखांश शोधण्याचा प्रश्न सोडवणारा 18व्या शतकातला घड्याळजी जॉन हॅरिसन. त्याचं हरवलेलं घड्याळ स्वतःच्याच गॅरेजमधल्या अडगळीत सापडल्यामुळे, पेकममध्ये राहून “पुढच्या वर्षी याच वेळी आपण लखपती असू” असं वर्षानुवर्षं म्हणणारे कोणते दोन भाऊ 1996 च्या नाताळात खरोखर लखपती झाले?’ उत्तर तेच, डेल बॉय आणि रॉडनी. पण आता पेकम हा लंडनचा भाग ओळखीचा असलेल्यालाही वाट आहे आणि नुसतं ते पालुपद ऐकलेल्यालाही. उत्तर चुकलं तरी टीमच्या हाती एक सुंदर गोष्ट लागते. प्रश्नाची लांबी मात्र तीन वाक्यांपर्यंतच ठेवा आणि नेमकं काय विचारायचंय ते शेवटच्या वाक्यात येऊ द्या.

याच मालिकेतल्या पिवळ्या तीनचाकी व्हॅनवर प्रश्न काढायचा मोह होतो. सांभाळून. बहुतेक लोक तिला रिलायंट रॉबिन म्हणतात. ती आहे रिलायंट रीगल, म्हणजे रॉबिनच्या आधीचं मॉडेल. थेट नाव विचारलंत तर निम्म्या टीम रॉबिन लिहून भांडतील. त्यापेक्षा जोड लावा: ‘डेल बॉयची पिवळी व्हॅन आणि मिस्टर बीन जिला पुनःपुन्हा उलटवतो ती फिकट निळी गाडी एकाच मॉडेलची. या गाडीला चाकं किती?’ गाडी इतक्या सहज का उलटते याचा विचार केला की उत्तर मिळतं.

आकड्यांच्या प्रश्नांत सगळ्यात जास्त घोळ होतात. ब्रिटनमध्ये एका सिरीजचे, म्हणजे सीझनचे, साधारण सहाच भाग असतात आणि नाताळ विशेष भाग वेगळे. फॉल्टी टॉवर्स बिनधास्त विचारा: 1975 मध्ये सहा, 1979 मध्ये सहा, एकूण 12, विषय संपला. ब्लॅकअ‍ॅडरच्या चार सिरीजचे 24 भाग होतात, पण विशेष भाग धरले की आकडा बदलतो. तेव्हा ‘चार सिरीज मिळून’ हे शब्द प्रश्नात हवेतच. मिस्टर बीनचे भाग 15, मात्र त्यांतला एक आधी टीव्हीवर न येता व्हिडिओ कॅसेटवर आला, म्हणून 14 लिहिणारेही निघतात. तो प्रश्न सोडूनच द्या.

एका प्रश्नाला दोन खरी उत्तरं निघतात का, हेही तपासा. ‘सर हम्फ्रींचं पद कोणतं?’ यस मिनिस्टरमध्ये ते प्रशासकीय व्यवहार खात्याचे पर्मनंट सेक्रेटरी, यस प्राइम मिनिस्टरमध्ये कॅबिनेट सेक्रेटरी. मालिकेचं नाव घातलं की प्रश्न सुधारतो. ठिकाणांचंही तसंच. फॉल्टी टॉवर्स हे हॉटेल कथेत टॉर्कीला आहे, बाहेरून दिसणारी इमारत मात्र बकिंगहॅमशरमधली. डॅड्स आर्मी या मालिकेतलं वॉल्मिंग्टन-ऑन-सी हे गाव काल्पनिक आणि बाहेरचं बरंचसं चित्रीकरण नॉरफकमधल्या थेटफर्डला. प्रश्नात ‘कथेत’ की ‘चित्रीकरण’ ते स्पष्ट लिहा.

गाजलेले संवाद लोकांना मोडतोड होऊनच पाठ असतात. डॅड्स आर्मीत जर्मन कॅप्टन पाइक या तरुण सैनिकाचं नाव विचारतो तेव्हा त्याचा कॅप्टन मॅनरिंग ‘डोंट टेल हिम, पाइक!’ एवढंच म्हणतो. मध्ये ‘युअर नेम’ नाही. संवाद वापरायचा असेल तर तो प्रसंग स्वतः पाहून उतरवून घ्या आणि शब्दन्‌शब्द न मागता पात्र ओळखायला सांगा. मॅनरिंगचं स्पेलिंग (Mainwaring) वाचून कोणी ‘मेनवेअरिंग’ म्हटलं तरी मार्क द्या. चालणारे असे सगळे उच्चार उत्तरपत्रिकेवर आधीच लिहून ठेवा, म्हणजे प्रत्येक टीमला एकच न्याय लागतो.

एक प्रश्न आपल्या घरचा हवाच. विजू खोटे आणि शुभा खोटे ही भावंडं 1993 च्या ‘ज़बान संभालके’मध्ये पंकज कपूरबरोबर होती; ती कोणत्या ब्रिटिश मालिकेवर बेतली होती? उत्तर माइंड युअर लँग्वेज. फारुख शेख मंत्री आणि जयंत कृपलानी सचिव असलेली ‘जी मंत्रीजी’ ही यस मिनिस्टरवरची. माइंड युअर लँग्वेजमधले बरेच विनोद देशोदेशीच्या लोकांच्या ठोकळेबाज चित्रांवर आणि उच्चारांवर उभे आहेत, म्हणून प्रश्न कथानकावर किंवा कलाकारांवर काढा. कोणाला नक्कल करायला लावू नका.

बरोबरी झाली तर आकड्याचा प्रश्न वापरा आणि जवळच्या आकड्याला विजय द्या. हॅरिसनचं घड्याळ ज्यात सापडतं तो ‘टाइम ऑन अवर हँड्स’ हा भाग ब्रिटनमध्ये किती लोकांनी पाहिला? सुमारे 2 कोटी 43 लाख. उत्तर कागदावरच घ्या, एका टीमचा आकडा दुसरीच्या कानावर पडता कामा नये.