लंडनमध्ये कुटुंबासह फिरताना: प्रत्येकाचा टॅप आपल्या एकाच कार्डाने

ट्यूबची (लंडनच्या भुयारी मेट्रोची) कागदी तिकिटं महाग पडतात, शिवाय रांगेत वेळ जातो. त्यापेक्षा कॉन्टॅक्टलेस, म्हणजे यंत्राला नुसतं टेकवून (टॅप करून) पैसे भरायचं बँकेचं कार्ड बरं.

१. निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही सुरू करा.
२. प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं कार्ड.
३. ट्यूबला आत जाताना आणि बाहेर पडताना टॅप. बसला फक्त चढताना. दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा आपोआप लागते.

११ वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट. त्यांना रुंद गेटातून न्या. ११ ते १५ वयाच्यांसाठी ऑयस्टर कार्ड (लंडनच्या प्रवासासाठी आधी पैसे भरून वापरायचं कार्ड) घ्या आणि ट्यूब स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत चढवून घ्या. ती १४ दिवसांपर्यंत चालते. ही सवलत मागितल्याशिवाय मिळत नाही.

सांभाळायचं ते एकच: आत जाताना कार्ड जोडलेला फोन आणि बाहेर पडताना तेच कार्ड टेकवलं, तर यंत्र दोन अर्धवट प्रवास धरतं आणि दोन्हींचं कमाल भाडं कापतं.