कॅशिंग शिकताना लागलेल्या ठेचा

पहिल्या नोकरीतल्या ॲपमध्ये एका स्क्रीनवरून दुसरीकडे जाऊन परत आलं, की तीच यादी सर्व्हरकडून पुन्हा मागवली जायची. तोवर स्पिनर बघत बसा. मी एक मॅप (किल्ली आणि मूल्य अशा जोड्यांचा साठा) घेतला, यूआरएलला 'की' म्हणजे किल्ली केलं, आलेला रिस्पॉन्स आत टाकला. हेच कॅशिंग: एकदा आणलेलं जवळ साठवून पुन्हा वापरायचं. दहा-बारा ओळींत ॲप सुसाट. दोन दिवस मी हवेत होतो.

तिसऱ्या दिवशी टेस्टरने बोलावलं. एका युजरने लॉगआउट केलं, दुसऱ्याने लॉगइन केलं, आणि प्रोफाइलवर नाव पहिल्याचंच! मी डेव्हटूल्समध्ये (ब्राउझरमधली तपासणीची साधनं) 'डिसेबल कॅश'वर टिक केली. फरक शून्य. मग बॅकएंडवाल्यांशी हुज्जत घातली (त्याची अजून लाज वाटते). दुपारी कुठे लक्षात आलं, की डेव्हटूल्सच्या नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट दिसतच नाहीये. ती टिक ब्राउझरच्या एचटीटीपी कॅशपुरती. माझा मॅप होता जावास्क्रिप्टच्या मेमरीत, आणि आमच्या सिंगल पेज ॲपमध्ये लॉगआउट करताना पान रीलोड होत नव्हतं, म्हणून मॅप तसाच राहिला. दोघांची यूआरएल एकच, फरक फक्त टोकनचा (कोण लॉगइन आहे ते सांगणारी खूण).

तेव्हापासून जुना डेटा दिसला की आधी नेटवर्क टॅब. रिक्वेस्टच नाही? आपला कोड तपासायचा. 'डिस्क कॅश' लिहिलंय? ब्राउझरने स्वतःकडचं दिलं. ३०४ हा स्टेटस कोड आलाय? ब्राउझरने जुना ईटॅग (साठवलेल्या आवृत्तीची खूण) पाठवून विचारलं आणि सर्व्हर म्हणाला, बदल नाही. सर्व्हर रिस्पॉन्ससोबत 'कॅश-कंट्रोल' हेडरमध्ये ज्या सूचना पाठवतो, त्यांच्या नावांवर मात्र जाऊ नका: 'नो-कॅश' म्हणजे साठवा, पण वापरण्याआधी दरवेळी विचारा. साठवायचंच नसेल तर 'नो-स्टोअर'.

दुसरी ठेच प्रॉमिसची, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तरासाठीच्या जावास्क्रिप्टमधल्या ऑब्जेक्टची. दोन कंपोनंट (स्क्रीनचे भाग) एकाच वेळी तोच डेटा मागत होते, म्हणून मी डेटाऐवजी प्रॉमिसच मॅपमध्ये ठेवलं. कल्पना चांगलीच होती. पण एकदा नेट गेलं, प्रॉमिस रिजेक्ट झालं, म्हणजे फसलं, आणि तेच मॅपमध्ये बसून राहिलं. 'पुन्हा प्रयत्न करा' कितीही दाबा, तीच एरर. 'कॅच'मध्ये (एरर आल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) ती 'की' डिलीट करायची राहिली होती.

आता मी टॅनस्टॅक क्वेरी ही डेटा मागवून कॅश करणारी लायब्ररी वापरतो. त्यात 'स्टेलटाइम' मुळात ० असतो, म्हणजे डेटा आल्याक्षणीच शिळा. स्क्रीनवर परत आलात की जुना दाखवून मागे नवा मागवला जातो. 'जीसीटाइम' ५ मिनिटं: कुणीच वापरत नसलेला डेटा तेवढ्या वेळाने मेमरीतून जातो. या दोघांत सगळे गोंधळतात, मीही गोंधळलो. लॉगआउटवर क्वेरी क्लायंटचं (त्या लायब्ररीची कॅश सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टचं) 'क्लिअर' मात्र तिथेही आपणच लिहायचं.