सायकलवरचे सामान कशात आणि कसे न्यावे?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे मोखाडा-जव्हारकडे किंवा दिंडोरी-वणीमार्गे सापुताऱ्याला तीन-चार दिवसांसाठी सायकलने निघायचे असेल, तर पिशव्या विकत घेण्यापूर्वी सगळे सामान घरी सतरंजीवर मांडून तोलून पाहावे. मुक्काम लॉजवर असल्यास कपडे, हत्यारे आणि औषधे मिळून सहा-सात किलोंत भागते. तंबू, स्लीपिंग बॅग आणि स्टोव्ह घेतल्यास तोच आकडा सहज दुप्पट होतो, आणि सामान कशात न्यायचे हे प्रामुख्याने त्यावरच ठरते.

मग सायकलकडे वळावे. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला कॅरिअरच्या स्क्रूसाठी आटे पाडलेली भोके असतील, तर पक्के कॅरिअर आणि दोन्ही बाजूंना पॅनिअर (कॅरिअरला हुकांनी अडकवायच्या पिशव्या) हाच माझ्या मते जड सामानासाठी सर्वांत भरवशाचा पर्याय आहे. सीटच्या दांड्याला आवळून बसवायचे कॅरिअर कमी वजन पेलते आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर बाजूला फिरते; दांडा कार्बनचा असेल तर ते लावूच नये. भोके नसल्यास सामान कमी करून सीटमागची लांब बॅग, फ्रेम बॅग आणि हँडल बॅग वापरावी. पाठीवर सॅक मात्र शक्यतो घेऊ नये, कारण तिचा भार दिवसभर खांदे, कंबर आणि बैठकीवर येतो व पाठीचा घामही वाळत नाही.

पॅनिअर भरताना दोन्हीकडचे वजन सारखे ठेवावे, जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या बाजूला ठेवाव्यात, तर रेनकोट व पंक्चरचे सामान वरच हाताशी असावे. पॅडल मागे फिरवून टाच पिशवीला घासते का, हे जरूर पाहावे. घासत असल्यास हुक मागे सरकवावेत. लोंबणारा एखादा पट्टा स्पोकमध्ये अडकला तर उतारावर चाक जागीच जाम होऊ शकते, म्हणून प्रत्येक टोक गुंडाळून बांधावे. मागचा लाल दिवा सामानाआड जाता कामा नये. पावसाळ्यात पिशवी जलरोधक म्हणून घेतलेली असली तरी कपडे आत प्लॅस्टिकच्या पिशवीतच भरावेत.

निघण्याच्या आठवडाभर आधी पूर्ण भार लादून त्र्यंबकेश्वरपर्यंत जाऊन यावे. सायकल उतारावर डगमगते का, ब्रेक लागायला किती अंतर जास्त लागते आणि मागचे टायर दबते का, हे तेव्हाच कळते. परतल्यावर कॅरिअरचा प्रत्येक स्क्रू ॲलन कीने तपासावा आणि त्याच मापाचे दोन जादा स्क्रू हत्यारांच्या पिशवीत टाकावेत.